दहा शेर माल कुठे गेला?

पाच जेव्हा बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडून उजवीकडे जातात तेव्हा ते उणे पाच होतात. बाजू बदल, चिन्ह बदल. चार शब्द आहेत. कळंबच्या हायस्कुलात बावीस वर्षं मी हे चार शब्द शिकवत आलो, आणि कोतवालाच्या पोरापासून मामलेदाराच्या पोरापर्यंत सगळ्यांना ते आले. एकट्या धरमसिंगला आले नाहीत. बरं, धरमसिंग काही पोरगा नव्हता. अठ्ठावीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आणि वर स्वतः मास्तर!

मास्तर म्हणजे, राळेगावच्या वाटेवर कळंबहून तीन कोसांवर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथल्या एकशिक्षकी शाळेचा. त्याच्या आधी तिथे तिघांची नेमणूक झाली होती. पहिला दोन महिने टिकला. दुसरा आठव्या दिवशी ताप आला म्हणून गावी गेला तो गेलाच. तिसऱ्याने तांडा पाहिलाही नाही, येण्याआधीच बदली करून घेतली. शेवटी तांड्यातला सातवी पास झालेला एकमेव माणूस म्हणून धरमसिंगला नेमलं आणि शाळा खरोखर भरायला लागली. अडतीस लेकरं, त्यात अकरा पोरी. घरी गोरबोली बोलणाऱ्या पोरांना पुस्तकातली मराठी त्यांच्याच बोलीत फोड करून सांगणारा तो पहिला मास्तर होता.

बासष्टच्या उन्हाळ्यात वरून कागद आला. जे मॅट्रिक नाहीत त्यांना पुढच्या जूनपासून ठेवता येणार नाही. धरमसिंगने बाहेरून परीक्षेला बसून बाकीचे सगळे विषय काढले होते, गणितात मात्र दोनदा गेला होता. आता मार्चमध्ये शेवटची संधी. नापास झाला की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की शाळेला कुलूप, कारण चौथा मास्तर तिथे येणार नाही हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि कागद पाठवणाऱ्यालाही माहीत असावं. पण कागद पाठवणाऱ्यांना असल्या गोष्टींशी काय देणंघेणं!

ऑगस्टातल्या एका रविवारी तो सायकलवरून माझ्या दारात येऊन उतरला. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला, हातात फडक्यात बांधलेलं पुस्तक.

"सर, तेवढं गणित काढून द्या," तो म्हणाला. "दर रविवारी येत जाईन."

मी हो म्हटलं. माझी बायको वच्छला तेव्हा ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुमच्यानं होईल का जी? आधी तुमचा राग पाहा." मी म्हटलं, मोठ्या माणसाला शिकवायला राग कशाला येईल? मोठा माणूस एकदा सांगितलं की समजतो.

पावसाचे आणि सणांचे सोडून सोळा रविवार गेले. मी सोळा मोजले आहेत, कारण प्रत्येक रविवारी दुपारी माझं डोकं दुखत असे.

त्याला काही येत नव्हतं असं नाही. बेरीज-वजाबाकी तोंडी, आणि माझ्याहून जलद. अपूर्णांक येत होते. लसावि काढता येत होता. गाडं अडे ते समीकरणापाशी. मी फळ्यावर लिहीत असे: क्षचा चौथा हिस्सा अधिक पाच, बरोबर क्षचा सहावा हिस्सा अधिक नऊ. क्ष सांग.

धरमसिंग मान डोलवी. चार आणि सहाचा लसावि बारा. इथवर शाबास. मग तो क्षच्या चौथ्या हिश्शाला बाराने गुणी, झाले तीन क्ष. सहाव्या हिश्शाला गुणी, झाले दोन क्ष. आणि पाच आणि नऊ? ते जागच्या जागी, पाच आणि नऊच!

"अरे, त्यांना कोण गुणणार? मी?"

"सर, पाच तं साजरा हाय," तो म्हणे. "ज्याच्या खाली छेद हाय त्याचं दुखणं काढाचं. पाचले कायले गुणाचं?"

हे झालं एक. पुढे दोन क्ष डावीकडे आणताना ते दोन क्षच राहत, उणे होत नसत. तीन आणि दोन, पाच क्ष. डावीकडचे पाच उजवीकडे जाऊन नऊला मिळत, चौदा. पाच क्ष बरोबर चौदा. आणि हे उत्तर, चौदा पंचमांश, तो अशा शांत चेहऱ्याने माझ्यापुढे ठेवी की माझ्या अंगाचा तिळपापड होई. मी म्हणे, टाक हा क्ष परत समीकरणात. तो टाकी. एकीकडे सहाच्याही आत, दुसरीकडे नऊच्या वर. "सारखं नाही आलं," तो स्वतःच म्हणे, आणि दु:खी होई. पुढच्या उदाहरणात पुन्हा तेच.

नियम त्याला पाठ होता हो! झोपेतून उठवलं असतं तरी त्याने सांगितला असता, बाजू बदल, चिन्ह बदल. तोंडाने नियम म्हणत म्हणत हात नेमकं उलटं लिही. मी रागावलो, समजावलं, पुन्हा रागावलो. एका रविवारी तर किराणा दुकानातून तराजू मागून आणला. दोन्ही पारड्यांत वजनं टाकली. इकडून एक काढलं, तिकडून तेवढंच काढलं, काटा सरळ. "पाहिलंस?"

धरमसिंगने तराजूकडे आदराने पाहिलं. "सर, तराजू तं दुकानदाराच्या हातात राह्यते," तो म्हणाला. "आमी आपलं दुरून पाहाचं. थो म्हणीन थे खरं."

मी तराजू उचलून परत दुकानात नेऊन आदळला. दुकानदार म्हणाला, काय मास्तर, काटा खोटा निघाला का? त्याला काय सांगणार!

"चिंतामणीलेच सांगा आता," वच्छला म्हणाली. त्या दिवशी चतुर्थी होती आणि आमच्या दारावरून गणपतीच्या देवळाकडे लोकांची रीघ लागली होती. मला हसू आलं नाही. आठवड्यातले सहा दिवस हायस्कुलातली साठ पोरं आणि सातव्या दिवशी हा. माझी रविवारची झोप गेली, शेतावरची फेरी गेली, कापूस वेचायला आलेल्या बायांकडे पाहायला कोणी राहिलं नाही. हे सगळं कशासाठी, तर पाचाचे उणे पाच व्हावेत म्हणून. आणि ते काही होत नव्हते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तेच समीकरण मी सतराव्यांदा घातलं. मुद्दाम तेच. आकडेसुद्धा बदलले नाहीत. परीक्षेला दोन महिने उरले होते. त्याने पाटीवर शांतपणे लिहिलं, चौदा पंचमांश.

मी पाटी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि ओरडलो. काय ओरडलो ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "तुह्या बापजाद्यानं बैल हाकले, तू बी जाऊन बैल हाक! कायले क्षच्या मागं लागला? तुमच्या लोकाइचं हे कामच नव्हे!"

धरमसिंगने माझ्या हातातली पाटी हळूच काढून घेतली. ती माझीच पाटी होती. त्याने ती शर्टाच्या बाहीने पुसली, खाटेवर ठेवली, पुस्तक फडक्यात बांधलं. "येतो सर," म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

वच्छला दारात उभी होती. "असं बोलतेत का जी कोणाले?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिने मला वाढलं, पण बोलली नाही. मी मनात म्हटलं, रागाच्या भरात तोंडातून गेलं, त्यात काय एवढं! रात्रभर मी हेच म्हणत होतो, यावरून काय ते समजा.

पुढच्या रविवारी तो आला नाही. मी सकाळपासून ओसरीवर बसून राहिलो, फळा पुसून ठेवला होता. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. मला राग आला. म्हटलं, गरज त्याला आहे की मला? मग लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला. तिसऱ्या रविवारी सकाळी वच्छलाने माझी सायकल अंगणात आणून उभी केली.

"जा," ती म्हणाली. "अन् तिथी जाऊन पुन्हा गणित नका सांगत बसू. जे सांगाले पायजे थे सांगा."

तीन कोसांत दोनदा काटा लागला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा पंक्चर काढायला कोणी नाही, म्हणून उरलेली वाट सायकल ढकलत गेलो. दोन्ही बाजूला वेचून रिकामी झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. धरमसिंग, त्या दिवशी मी जे बोललो ते. पुढचं वाक्य जुळत नव्हतं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढत आलो होतो, स्वतःची कबूल करायचा सराव कुठला?

तांड्यात पोचलो तर पहिली दिसली ती धरमसिंगची आई. सुखीबाई, पासष्टीच्या घरातली, उंच, ताठ. तिने मला कधी पाहिलं नव्हतं, पण धोतर, टोपी आणि पंक्चर झालेली सायकल पाहून तिने ओळखलं असावं.

"कळंबचे सर ना? या, या!" ती म्हणाली. "बरं हाय का जी आता?"

मी गोंधळलो. "कशाचं बरं?"

"तापाचं! पोट्टा सांगे, सरले लय ताप हाय, म्हणून शिकवणी बंद. मी म्हटलं, अरे जाऊन पाहून तं ये. तं म्हणे डाक्टरनं कोणालेच भेटाले मना केलं."

तिच्या मागे, झोपडीच्या दारात, धरमसिंग उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता. त्याचा चेहरा नेहमीसारखाच शांत होता, फक्त मान अगदी थोडी हलली.

"हो," मी म्हणालो. "ताप होता. आता उतरला." आणि खोकलो. ताप आणि खोकला यांचा काही संबंध नाही हे नंतर लक्षात आलं.

त्या खोकल्याची शिक्षा लगेच झाली. सुखीबाईने अडुळशाचा काढा चुलीवर ठेवला आणि पितळी पेलाभर माझ्या हातात दिला. जगात इतकं कडू काही असतं याची मला कल्पना नव्हती. ती समोर बसून राहिली, पेला रिकामा होईपर्यंत उठली नाही. माझी वाक्यं राहिली मनात. तिच्यासमोर कशी बोलणार? तिला तर काही माहीतच नव्हतं. आपल्या लेकाला कोणी काय म्हणालं हे ऐकायला तिने मला काढा पाजला होता का?

आणि खरं सांगतो, मला त्या वेळी धरमसिंगचं फार कौतुक वाटलं. आपल्या गुरूचं नाव या पोराने घरात खाली पडू दिलं नाही! माझा ऊर भरून आला.

बोलायचं ते बोलता येईना, म्हणून मी तेच केलं जे करू नको असं वच्छलाने बजावलं होतं. म्हटलं, आण पाटी. पाटी आली. मी तेच समीकरण घातलं. त्याने तेच उत्तर काढलं. माझ्या मस्तकात तिडीक उठली, पण काढ्याचा पेला समोर होता आणि सुखीबाई समोर होती, म्हणून मी दात दाबून धरले. ओरडता येत नव्हतं. मग करणार काय? सहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला विचारलं, "धरमसिंग, तू असं काहून करतो?"

तो चकित झाला. इतके दिवस मी त्याला "असं का केलंस" म्हणत आलो होतो, पण त्याचं उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.

"सर, राग नका मानू," तो म्हणाला. "तुमी म्हणता, दोन्हीकून पाच-पाच काढून टाक. काढले. मंग थे दहा शेर गेले कुठी?"

"कुठले दहा शेर?"

"माल, सर. या अंगाचे पाच, त्या अंगाचे पाच. गोणी बैलाच्या पाठीवर घातली, इकडे जड झाली तं इकडचं काढून तिकडे टाकाचं. माल तेवढाच राह्यते. फेकून द्याले थो का आपला हाय? ज्याचा हाय त्याले पुरा पोचवाचा राह्यते. माह्या आज्यानं हेच केलं, बापानं हेच केलं. मले माहीत हाय क्ष म्हणजे गोणी नव्हे. पण काढून टाकाची म्हटली का हात होत नाही."

मी पाटीकडे पाहत बसलो. सहा महिने हा माणूस माझ्या ओसरीवर बसून कोणा अनोळखी मालकाचा माल राखत होता. मी त्याला आळशी म्हटलं, मठ्ठ म्हटलं, आणि त्याहून वाईट म्हटलं. आणि तो आपला पाच शेर इकडून तिकडे नीट सांभाळून ठेवत होता, सांडू देत नव्हता.

सुखीबाईने 'माल' शब्द ऐकला होता. तिने लेकाला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. त्याने पाटी दाखवून सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अन् नदी आली तं काय कराचं रे?" ती मराठीत म्हणाली, बहुतेक मलाही कळावं म्हणून. "सर, मी लहान होती तवा बापाच्या बैलाइसंगं हिंडलेली हाय. पैनगंगेले पानी राह्यलं का भरला बैल उतरत नाही. मंग माल उतरवाचा. पण एकाच अंगाचा उतरवला तं बैल लवंडते. या अंगाचा पाच शेर, तं त्या अंगाचाबी पाच शेर. सारखं. बैल सरळ राह्यला पायजे. उतरवलेला माल काठावर ठेवो, आमी पोट्टे राखणीले बसो. बैल पार झाले का डोक्यावर नेऊन पुन्हा लादो. एक दाना गेला नाही कोणाचा."

धरमसिंगने पाटी पुसली. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बिघडवलं असतं, एवढं तरी मला कळलं.

"म्हणजे काढलेलं काठावर हाय," तो हळू म्हणाला.

"काठावर आहे," मी म्हणालो. "क्ष सापडला की पुन्हा लादायचं. ताळा करायचा म्हणजे दुसरं काय?"

त्याने समीकरण पुन्हा लिहिलं. डाव्या अंगाला पाव गोणी आणि पाच शेर. उजव्या अंगाला गोणीचा सहावा हिस्सा आणि नऊ शेर. बैल सरळ उभा. गोणीत किती शेर ते सांगायचं.

"पाव गोणी बैलावर कोन लादते?" सुखीबाई म्हणाली. "पुऱ्या गोणीचं बोला."

धरमसिंग थोडा वेळ पाटीकडे पाहत होता. मग त्याने बोटाने जमिनीवर एक रेघ मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. बारा रेघा झाल्या.

"बारा बैल," तो म्हणाला. "असेच बारा. सगळ्याइवर सारखंच. बाराइच्या डाव्या अंगाचं मिळून किती? तीन गोण्या." आणि एकदम थांबला. "अन् पाच शेर एकाच बैलावर थोडी हाय सर! बाराइवर हाय. साठ शेर!"

"साठ," मी म्हणालो.

"उजवीकडे दोन गोण्या अन् बारा नव्वे एकशे आठ शेर. आता दोन्ही अंगाच्या दोन-दोन गोण्या काठावर. साठ-साठ शेर काठावर. डावीकडे राह्यली एक गोणी. उजवीकडे अठ्ठेचाळीस शेर." त्याने मान वर केली. "क्ष अठ्ठेचाळीस."

"लाद परत," मी म्हणालो.

अठ्ठेचाळीसचा चौथा हिस्सा बारा, अधिक पाच, सतरा. सहावा हिस्सा आठ, अधिक नऊ, सतरा. त्याने दोन्ही सतरा पुन्हा तपासले, आणि मग पाटी आईला दाखवली. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण दोन्हीकडे एकच आकृती आहे हे तिला दिसलं.

मी त्या दिवशी दुपारपर्यंत तिथे होतो. त्याने अकरा उदाहरणं सोडवली, दोन चुकली, दोन्ही वेळा चूक त्यानेच पकडली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण परतीच्या वाटेवर सायकल ढकलताना माझा संताप अनावर झाला होता, आणि या वेळी तो धरमसिंगवर नव्हता. बाजू बदल, चिन्ह बदल! का बदलतं चिन्ह? बावीस वर्षांत मी कोणाला सांगितलं होतं? मला स्वतःला कधी प्रश्न पडला होता? एवढी पोरं माझ्या हाताखालून गेली, त्यांनी मान डोलवली आणि मी खूश झालो. ज्या एकाने मान डोलवली नाही त्याला मी बैल हाकायला पाठवलं.

आणि माफी मागायची ती राहिलीच. वच्छलाने विचारलं, "सांगतलं का?" मी म्हटलं, त्याची आई समोर होती. ती म्हणाली, "मंग आता?" मी म्हटलं, तो येईल की रविवारी.

तो आला, मार्चपर्यंत एकही रविवार चुकवला नाही. आणि मी प्रत्येक रविवारी ठरवलं की आज बोलू, आणि प्रत्येक रविवारी उदाहरणांच्या मागे लपलो. वच्छलाला मी उलट सांगत असे, "पाहा, किती गुणी माणूस आहे. घरी एक अक्षर बोलला नाही. गुरूचा मान राखणं म्हणजे काय ते या लोकांकडून शिकावं." ती नुसतं हूं म्हणे.

मार्चमध्ये यवतमाळला परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. गणितात एक्केचाळीस. पस्तीस लागत होते. हायस्कुलातल्या पोरांना सत्तर-ऐंशी मिळाले त्याचं मला काही वाटलं नाही. एक्केचाळीसचा आकडा मी गावभर सांगत फिरलो, आणि लोक विचारत, मास्तर, कोणाला मिळाले, तुम्हाला का?

पुढच्या रविवारी धरमसिंग आला. त्याला कायम करण्याचा कागद हातात आला होता, शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती. वच्छलाने चहा टाकला आणि आत जाताजाता माझ्याकडे अशी पाहून गेली की आता लपायला जागा उरली नाही.

"धरमसिंग," मी म्हणालो, "त्या दिवशी मी जे बोललो, बैल हाकायचं, तुमच्या लोकांचं, ते फार वाईट बोललो. माझं चुकलं. फार आधी सांगायला पाहिजे होतं."

त्याने कप खाली ठेवला. "हो सर," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ द्या सर, असं काय. तो तसं म्हणाला नाही.

"आणि तू घरी सांगितलं नाहीस," मी पुढे म्हणालो. "माझी लाज राखलीस. ते मी विसरणार नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी काहीतरी चुकीचं उत्तर काढलं आहे आणि ते कसं सांगावं याचा तो विचार करतो आहे, असं मला वाटलं.

"तुमची नाही, सर," तो म्हणाला. "याडीले, माह्या मायले, सांगतलं असतं तं तिनं मले पुन्हा या घराची पायरी चढू देली नसती. तिचा शबद आमच्या घरात कोणी मोडत नाही. मंग गणित कोन शिकवते मले? तुमच्या आधी कळंबात तिघाइले विचारून आलतो मी. कोणीच तयार नव्हतं. तुमी एकटेच हो म्हणले. मी नापास झालो असतो तं अडतीस पोट्टे घरी बसले असते. म्हणून म्हटलं, सरले ताप हाय."

मी विचारलं, "आणि ते दोन रविवार?"

"राग गिळत होतो. तिसऱ्या रविवारी मी निघालोच होतो, तेवढ्यात तुमी आले."

"अजून आहे राग?"

त्याने खरोखर विचार केला. घाई केली नाही.

"हाय थोडा," तो म्हणाला, आणि उरलेला चहा पिऊन, येतो सर म्हणून, शाळा झाडून ठेवायची होती म्हणून लवकर निघाला.